भाताच्या गिरणीतला संसार

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. घर मिळविण्याचा आणखी एक मार्ग या म्हणीच्या कर्त्यास ठाऊक नसावा. नाहीतर त्याने म्हणीला एखादे शेपूट खचित जोडले असते. तो मार्ग म्हणजे भलत्याच कामासाठी उभारलेली इमारत विकत घेऊन तीत संसार थाटणे. घर बांधणाऱ्याला निदान एवढा धीर असतो की, आपण जे करीत आहो त्याला लोक घरच म्हणणार. आम्ही दिव्यातील एक बंद पडलेली भाताची गिरणी राहण्यासाठी घेतली तेव्हा तेवढाही धीर आम्हांस नव्हता. आप्तेष्टांपैकी निम्म्यांना वाटले की मास्तरांनी उतारवयात व्यापार आरंभिला. उरलेल्या निम्म्यांना वाटले की मास्तरांचे डोके फिरले.

दिवा पुष्कळांना केवळ स्टेशन म्हणूनच ठाऊक असते. पारसिकचा डोंगर आणि मुंब्रा मागे टाकून गाडी कल्याणच्या दिशेने निघाली म्हणजे डाव्या अंगाला खाडी व तिवरांची झाडी दिसू लागते, आणि मग हे जंक्शन येते. येथून एक लोहमार्ग वसईकडे फुटतो, एक पनवेलीकडे. स्टेशनाच्या भोवताली साबे, दातिवली, बेतवडे, आगासन, म्हातार्डी अशी आगरी मंडळींची जुनी गावे आहेत, आणि दोन पिढ्यांपूर्वी हा सारा पट्टा भातशेतीचा होता. पुढे शेतांचे तुकडे पडले. तुकड्यांवर चाळी आल्या. चाळींच्या उशापायथ्याशी चार-चार, सात-सात मजली इमारती अशा वेगाने उठल्या की, पावसाळ्यापूर्वी पाहिलेले मोकळे रान पावसाळ्यानंतर शोधावे लागे. मुंबईत खोली घेणे ज्याला परवडत नाही आणि रोज मुंबईस गेल्यावाचून ज्याला गत्यंतर नाही, असा गृहस्थ दिव्यास येतो. आम्हीही तसेच आलो होतो.

४ एप्रिल १९१३ नव्हे, २०१३. साल मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण अशा गोष्टी फार जुन्या काळी घडत असाव्यात असे वाचकांस वाटण्याचा संभव आहे. त्या दिवशी आमच्यापासून जवळच असलेल्या शीळ फाट्यावर एक सात मजली इमारत कोसळली. तिचे बांधकाम अजून चालू होते, तरी तीत माणसे राहावयास आलेली होती. ७४ जीव गेले. त्यानंतर आमच्या आसपासच्या इमारतींच्या भिंतींवर कोणी हाताने थापटून पाहू लागले, कोणी तळमजल्याच्या खांबांवरील भेगांत खिळे घालून पाहू लागले. काही महिन्यांनी आमच्याही जिन्याशी एक कागद चिकटविलेला आढळला. त्याचा मथितार्थ असा की ही इमारत परवानगीवाचून उभी आहे, सबब रहिवाशांनी आपली सोय पाहावी. सोय पाहावी हे शब्द लिहिण्यास फार सोपे आहेत. घरी ऐंशीच्या घरातली आई, नोकरी करणारी सौ., दहावीच्या वर्गात शिकणारी कन्या, आणि पदरी जी पुंजी ती त्या जिन्यातल्या कागदाखालच्या खोल्यांत गुंतलेली.

या मनःस्थितीत असता गिरणी दिसली. गावठाणाच्या कडेला, काळ्या दगडाची, मंगळुरी कौलांची. साठ फूट लांब, पंचवीस रुंद. शेते गेली तसे भात गेले आणि भात गेले तशी गिरणी बंद पडली. मालक वयोवृद्ध आगरी गृहस्थ. त्यांची मुले गिरणी पाडून तेथे इमारत उठविण्याच्या विचारात होती आणि म्हातारा ‘मी असेपर्यंत नाय’ म्हणून अडून बसला होता. मला त्या वास्तूत प्रथम काय आवडले म्हणाल, तर तिचे जोते. आजूबाजूच्या घरांची जोती वीतभर उंच. हिचे चांगले साडेतीन फूट, वर चढावयास दगडी पायऱ्या आणि शेजारी हातगाडीसाठी उतरण. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि खाडीकाठची सगळी वस्ती पाण्यात गेली, तेव्हा या गिरणीत मात्र पाणी शिरले नव्हते. ‘एवढे उंच जोते का बांधलेत?’ असे मी विचारले. म्हातारा म्हणाला, “मास्तर, भात भिजला तर त्याला मोड येतो. मानूस भिजला तर सुकतो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माणसांसाठी म्हणून जी इमारत बांधली, तिच्या खांबांत लोखंड किती आणि वाळू कसली याची कोणी चौकशी केली नव्हती. भातासाठी जी बांधली, तिची मात्र भिंत दीड हात जाडीची! तथापि आवडणे निराळे आणि सर्वस्व ओतणे निराळे. सौ. म्हणाली, “जोते उंच आहे हे खरे, पण हिच्यात मोरी कुठे आहे? चूल कुठे मांडायची? जिथे कोणी कधी झोपले नाही तिथे झोप तरी येईल का?” या प्रश्नांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्याच्यापाशी असेल असा एकच मनुष्य माझ्या ओळखीचा होता: आमच्या शाळेतले गणिताचे एक सिंधी शिक्षक, जन्माने व वास्तव्याने उल्हासनगरकर.

दिव्याहून गाडीने कल्याण गाठावे आणि पुढे विठ्ठलवाडी अथवा उल्हासनगर स्टेशनावर उतरावे. तासाभराचाही प्रवास नाही. परंतु भलत्या इमारतीचे घर करण्याची कला आपल्या प्रांतात येथल्याइतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच कोठे आचरली गेली असेल. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराची छावणी पडली होती. ६,००० सैनिक व इतर ३०,००० माणसे यांची सोय व्हावी अशा बेताने तेथे २,१२६ बराकी आणि सुमारे १,१७३ लहान निवासस्थाने उभारलेली होती. युद्ध संपले, छावणी ओस पडली. इतक्यात फाळणी झाली आणि सिंधमधून निघालेली सुमारे एक लाख माणसे या रिकाम्या छावणीत आणून वसविण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नाव उल्हास नदीवरून आले आहे; येथे आलेल्यांच्या मनःस्थितीशी त्याचा संबंध जोडू नये.

बराक म्हणजे काय हे मला त्या दिवशी नीट उमगले. बहुतेक बराकींत मध्ये एक लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना जोडलेल्या खोल्या असत. टोकाची खोली ज्याला मिळाली तो भाग्यवान, कारण त्याला तीन भिंती आयत्या मिळाल्या. मधल्या दालनात ज्यांची बिऱ्हाडे पडली, त्यांनी गोणपाट व जुनी लुगडी दोरीवर टाकून आपापली हद्द आखली. शौचकूप सार्वजनिक, पाणी सार्वजनिक, आणि खोकलाही सार्वजनिक. आमच्या स्नेह्यांचे आईवडील सिंधमधल्या हैदराबादचे. त्या शहरातील जुन्या घरांच्या छपरांवर वारा पकडून तो खाली खोल्यांत उतरविणारी चौकोनी धुराडी असत. प्रत्येक खोलीला आपला स्वतःचा वारा! तसल्या घरातून आलेल्या बाईने पहिली सहा वर्षे एका पडद्याआड काढली.

“सर,” स्नेही मला म्हणाले, “बराकीत माणसाची पहिली जाते ती दार लावून घेण्याची सवय. आई म्हणायची, पडद्याला कडी लावता येत नाही, म्हणून मी बोलणे कमी केले.” मग विटांची भिंत आली, पण छातीपर्यंतच, कारण तेवढ्याच विटा मिळाल्या. मग खिडकीची चौकट खाली तोडून तिचे दार केले, तेव्हा कोठे त्या कुटुंबाला दुसऱ्याच्या बिऱ्हाडातून न जाता रस्त्यावर येता येऊ लागले. छप्पर उंच होते. त्याच्या पोटात माळा निघाला व भावंडे वर झोपू लागली. १९५४ साली विस्थापितांची भरपाई व पुनर्वसन यांसंबंधीचा कायदा झाला आणि त्याखाली राहत्या जागा विकत घेण्याची सोय झाली. सिंधमध्ये राहिलेल्या मालमत्तेबद्दल ज्यांचा दावा मंजूर झाला होता त्यांना ती रक्कम किमतीत वळती करून घेता येई. म्हणजे तिकडच्या हवेलीच्या मोबदल्यात इकडे अर्धी बराक! त्या व्यवहाराची सनद स्नेह्यांनी कपाटातून काढून मला दाखविली. ती दाखविताना त्यांचा हात किंचित थरथरला, किंवा मला तसा भास झाला असेल.

मी सौभाग्यवतीचे प्रश्न त्यांच्यापुढे मांडले. मोरी, चूल, झोप. ते हसून म्हणाले, “चूल आधी मांडा. आईने बराकीत आल्या दिवशी व्हरांड्यात तीन विटा लावल्या. भिंती मागाहून त्या विटांभोवती आल्या.” बाहेर पडताना मी त्या वसाहतीकडे पुन्हा पाहिले. पुष्कळ बराकी आता उरल्या नाहीत. त्यांच्या जागी इमारती उठल्या आहेत, आणि त्यांतल्या बेकायदा बांधकामांचा गुंता इतका वाढला की २००६ साली राज्याला केवळ या एका शहराकरिता ती नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. लष्कराने घाईत, तात्पुरत्या उपयोगासाठी बांधलेली बराक उभी, आणि कायमच्या म्हणून बांधलेल्या इमारतीचे दप्तर न्यायालयात. दिव्याच्या माणसाला यात अपरिचित असे काहीच नव्हते.

अशी वसाहत एकटी उल्हासनगरची आहे असेही नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे महायुद्धाच्या काळात पोलंडहून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार लोकांसाठी छावणी होती. ते १९४८ पर्यंत निघून गेले आणि त्याच बराकींत सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच. ख्रिस्ती शकाच्या ३०५ साली डायोक्लीशन नावाच्या रोमन बादशहाने राज्यत्याग करून समुद्रकाठच्या आपल्या विस्तीर्ण प्रासादात मुक्काम केला. पुढे सातव्या शतकात जवळचे सालोना शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील लोक त्या ओस प्रासादात घुसले, त्यांनी दालनांच्या खोल्या केल्या आणि बादशहाच्या थडग्याचे प्रार्थनामंदिर केले. क्रोएशियातले स्प्लिट शहर ते हे; त्या तटांच्या आत अजून संसार चालू आहेत. फ्रान्समधल्या आर्ल गावी रोमन लोकांच्या झुंजींच्या रंगणात मध्ययुगात दोनशेहून अधिक घरे वसली होती. एकोणिसाव्या शतकात ती हलवून रंगण पुन्हा मोकळे करण्यात आले. याउलट इंग्लंडात थॉर्पनेस येथे १९२३ साली पाण्याची टाकी लोकांच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून तिलाच घराचा पेहराव चढवून उंच मनोऱ्यावर बसविली, आणि १९७९ साली टाकी काढून तेथे खरोखरीची खोली केली. हौसेने पवनचक्कीत वा दीपगृहात राहणाऱ्या श्रीमंतांचे मला कौतुक वाटते. परंतु मला शिकावयाचे होते ते सालोनाच्या लोकांपासून.

असो. गिरणी घेतली. कागदपत्रांचे वर्णन करून वाचकांस कंटाळा आणीत नाही. वापर बदलण्याच्या अर्जावर ‘सध्याचा उपयोग’ या रकान्यात ‘भात कांडणे’ व ‘इच्छित उपयोग’ या रकान्यात ‘राहणे’ असे लिहिताना मला मौज वाटली होती आणि ती वाचताना समोरच्या कारकुनाला यत्किंचितही वाटली नव्हती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

स्नेह्यांच्या सल्ल्याप्रमाणे पहिला प्रश्न चुलीचा. गिरणीच्या मध्यभागी हलर बसविण्यासाठी काँक्रीटचा भक्कम चौथरा घातलेला होता. त्यातून चार जाड लोखंडी बोल्ट वर आलेले. तो फोडावा असे माझ्या मनात होते. गवंडी म्हणाला, “फोडता येईल, पण घणाचे हादरे भिंतींना बसतील, आणि भिंती दगड-चुन्याच्या आहेत.” सौ. चौथऱ्याभोवती दोन फेऱ्या घालून आली, त्याच्याशी उभी राहून तिने पोळी लाटण्याचा अभिनय केला आणि म्हणाली, “सहा इंच कमी आहे.” तीन बोल्ट कापले, वर विटांचा एक थर व कडाप्पा बसविला, आणि पन्नास वर्षे जेथे भाताचा तांदूळ झाला तेथे तांदळाचा भात होऊ लागला. चौथा बोल्ट तिने ठेवावयास लाविला. त्यावर ती झारा अडकविते.

खरे कष्ट जमिनीने दिले. यंत्रांखालच्या जमिनीत तेल इतके मुरले होते की वर घातलेला कोबा धरेना; हातभर खोल खणून तो भाग पुरता नवा करावा लागला. नंतर उजेड. गिरणीला खिडक्या होत्या त्या पार वळचणीखाली, चोर व पाऊस दोघांच्याही आवाक्याबाहेर. दगडी भिंतीत नवी खिडकी पाडणे हे काम मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, आणि घर बांधणाऱ्या पुष्कळांनी पाहिलेले नसते. आधी भोक पाडावयाचे नसते, आधी तुळई बसवावयाची असते: भिंतीच्या अर्ध्या जाडीत खाच काढून, टेकू देऊन एका बाजूची तुळई, ती पक्की झाली म्हणजे दुसऱ्या बाजूची, आणि मग खालचे दगड एकेक करून काढावयाचे. पाच खिडक्यांना सात आठवडे लागले. पहिली पुरी झाली त्या सकाळी आई खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसली आणि दुपारच्या जेवणापर्यंत उठली नाही.

खाडीची खारी हवा असल्याने भिंतीच्या बुडाशी लोणा फुटत असे. सिमेंटचा गिलावा करा म्हणजे झाकेल, असे सांगणारे चार जण भेटले. झाकेल हे खरे. पण आतला ओलावा बाहेर पडावयास वाट न मिळाल्याने तोच गिलावा पुढे पापुद्र्यांनी सोलतो, हे जुन्या गवंड्याने आम्हांस एक भिंत दाखवून पटविले. चुन्याचाच गिलावा केला. तो महाग पडला. दरवर्षी थोडा झडतो, दरवर्षी थोडा लावतो.

तूस मात्र कोणालाही जिंकता आले नाही. पहिले वर्षभर वारा सुटला की वाशांच्या सांधीतून तूस व कोंडा यांचा बारीक पाऊस पडे. अंथरुणावर, पुस्तकांवर, देवांवर. आणि चिमण्या! त्यांना गिरणी बंद झाल्याचे कोणी कळविले नव्हते. त्या नव्या खिडक्यांतून शिरत, चौथऱ्याच्या जागी उतरत आणि सौ.कडे तक्रारीच्या मुद्रेने पाहत. तिने अखेरीस एका कोपऱ्यात मूठभर कण्या टाकण्याचा परिपाठ सुरू केला.

आईचा आक्षेप वेगळाच होता. हातगाडी सरळ आत यावी म्हणून गिरणीच्या दाराला उंबरठा नव्हता. आम्हां कोणाच्या ते ध्यानातही आले नव्हते. “उंबरठा नाही तर हळदकुंकू कशाला लावू? रांगोळी कोठे काढू? आत आले कोठे आणि बाहेर गेले कोठे, हे कळायचे कसे?” असे तिने विचारले, व उंबरठा बसेपर्यंत ती त्या जागेला घर म्हणावयास तयार झाली नाही. सागाचा उंबरठा बसला. वास्तुशांतीला आलेल्या गुरुजींनीही पेच टाकला: “यजमान, वास्तू नवी की जुनी?” मी म्हणालो, “भिंती जुन्या, घर नवे.” गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले, आणि मग विधी चालू करीत म्हणाले, “इतकी वर्षे येथे धान्य होते ना? मग दोष काही नाही. उरका.”

आता आम्ही येथे नांदतो आहो. ज्या इमारतीतून निघालो ती मोडकळीस येऊनही उभी आहे व तीत नवे भाडेकरू आले आहेत. तिच्यावरून जाताना सौ. रस्ता बदलते. गावात आमचा पत्ता ‘गिरणी’ एवढाच आहे, आणि माझे नाव ‘गिरणीवाले मास्तर’. उल्हासनगरच्या स्नेह्यांना येणाऱ्या पत्रांवर अद्याप बराक नंबर असतो, तेव्हा याचे नवल वाटू नये. मालक म्हातारा हयात होता तोवर पावसाळ्याच्या आरंभी येऊन कौले पाहून जाई, चहा घेई, आणि जाता जाता चौथऱ्यावर हात ठेवी.

एक वाद तेवढा मिटलेला नाही. वारा खेळता राहावा म्हणून आम्ही मधल्या भिंती सात फुटांवर थांबविल्या. वर आढ्यापर्यंत सारे मोकळे. परिणामी या घरात कोणाचे कोणापासून काही लपत नाही. कन्या आता मोठी झाली, नोकरीला लागली. रात्री उशिरापर्यंत तिचे दूरध्वनीवरचे बोलणे चालते, आणि आपल्या खोलीला छत हवे असे तिने निक्षून सांगितले आहे. छत घातले तर उन्हाळ्यात गुदमरशील, असे मी म्हणतो. सौ. तिच्या बाजूची आहे. बराकीतल्या त्या बाईची हकीकत मीच तिला सांगितली होती. आईचे म्हणणे असे की छत घातल्यास नातीचे बोलणे तिला ऐकू येणार नाही, आणि तिला तर रात्री झोप येत नाही. तूर्त गवंड्याला दिवाळीनंतर या म्हणून कळविले आहे.